माझं ऑपरेशन झालंय म्हणे

मी एक जुनी सशीण आहे. जुनी म्हणजे वयानं फार नव्हे. साडेतीन वर्षं म्हणजे आमच्यात जेमतेम बाईमाणूस. पण एक घर वापरून दुसऱ्या घरी आलेली, म्हणून जुनी. मोटारसायकल असते तर लोकांनी मला सेकंडहँड म्हटलं असतं आणि घेण्याआधी दोनदा किक मारून पाहिली असती. सशाच्या बाबतीत तशी सोय नाही. देणारा जे सांगेल ते ऐकायचं आणि टोपली उचलायची, अशी पद्धत आहे.

मित्रांनो, माझा जन्म नांदेडच्या एका दुकानातल्या पिंजऱ्यात झाला. आम्ही सात भावंडं. आईला आमची तोंडओळख होण्याआधीच आम्ही विकले गेलो. पूर्णा जंक्शनला रेल्वेत असलेल्या एका गृहस्थांनी मला त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला नेलं. मुलीचं नाव अर्पिता. मी पांढरी, म्हणून तिनं माझं नाव स्नोई ठेवलं. स्नो म्हणजे बर्फ. पूर्णेत मे महिन्यात दारात पाय ठेवता येत नाही, पण नाव ठेवणाऱ्याचा हात कोण धरणार?

तिथं माझी नोकरी सोपी होती. पाहुणे आले की मांडीवर बसायचं, नाक हलवायचं आणि 'किती गोड' असं म्हणवून घ्यायचं. पहिलं वर्षभर मी हॉलमध्ये होते. दुसऱ्या वर्षी मी सोफ्याचा कोपरा खाल्ला आणि माझी गॅलरीत बदली झाली. तिसऱ्या वर्षी कपडे वाळत घालायला येणारी माणसंच तेवढी भेटत. अर्पिता मात्र शाळेतून आली की कोथिंबिरीची काडी घेऊन यायची. तिची उंची वाढत होती, काडी तेवढीच होती.

एका दिवाळीच्या तोंडावर माझं खाणं तुटलं. मला गाडीत घालून नांदेडला नेलं, सुई टोचली आणि मी झोपले. जागी झाले तेव्हा सगळं अंगच दुखत होतं. झोपेत माझं काय केलं, ते मला कोणी सांगितलं नाही. मी विचारणार तरी कशी? आम्हा सशांना आवाज नसतो. फार झालं तर मागचा पाय आपटतो, आणि त्या दिवशी तेवढीही ताकद नव्हती.

पुढच्या जूनमध्ये अर्पिताच्या वडिलांची बदली झाली, ती थेट आंध्रातल्या गुंतकलला. फ्रिज जाणार होता, सोफा जाणार होता, मी खाल्लेल्या कोपऱ्यासकट. मी जाणार नव्हते.

त्या आठवड्यात क्वार्टरमधली पाण्याची मोटार दुरुस्त करायला पोखर्णीहून गोपाळ नावाचा मेकॅनिक आला. पोखर्णीत, नृसिंहाच्या देवळाच्या रस्त्याला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्याच्या घरी एक ससा आधीच होता. दुकानातल्या वायरी कुरतडायचा, म्हणून त्याचं नाव फ्यूज. फ्यूजचा भाऊ त्या उन्हाळ्यात गेला होता आणि तेव्हापासून फ्यूज भिंतीकडे तोंड करून बसायचा. गोपाळची मुलगी वैष्णवी सातवीत होती. ससा एकटा पडला की झुरतो, हे तिनं मोबाइलवर वाचून काढलं होतं आणि ती घरात सगळ्यांना वाचून दाखवत होती.

पण दुसरा ससा आणायला तिच्या आईची, बबिताची हरकत होती. बबिता म्हणजे गावची आशाताई. गरोदर बायांना दवाखान्यात न्यायचं, लेकरांना डोस पाजायचे आणि दोन लेकरं झालेल्या बाईला कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला तयार करायचं, हे तिचं काम. आता गावाला 'दोन पुरे' सांगणाऱ्या बाईच्या ओसरीवर दर महिन्याला सात पिल्लं व्हायला लागली, तर गाव काय म्हणेल? बाहेरून नर आणला तर दोन नर भांडतात, हेही वैष्णवीनं वाचून काढलं होतं. म्हणून अट ठरली. मादी आणायची, पण ऑपरेशन झालेलीच.

आणि मला टोपलीत घालताना अर्पिताचे वडील म्हणाले, "घेऊन जा. गरीब आहे. ऑपरेशन पण झालेलं आहे तिचं, काही टेन्शन नाही."

गोपाळनं तिथूनच फोन लावला. "बबिता, झालेली हाय."

"मंग आणा."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात मोतीबिंदूचं ऑपरेशन असतं, हार्नियाचं असतं, मुतखड्याचं असतं. त्यांना पुढं नाव लावावं लागतं. पण बाईचं नुसतंच 'ऑपरेशन झालंय' म्हटलं की लेकरं पुरे झाली, एवढंच समजायचं. कोणतं, असं कोणी विचारत नाही. बबिता चौदा वर्षं हा शब्द दिवसातून वीस वेळा बोलत आलेली. तिनं कशाला विचारलं असतं?

घरी आल्यावर वैष्णवीनं टोपलीत डोकावून विचारलं, "पप्पा, नाव काय म्हणले हिचं?"

"सनई का कायतरी म्हणले."

अशा रीतीनं आवाज नसलेल्या प्राण्याचं नाव सनई पडलं. माझी तक्रार नव्हती. बर्फापेक्षा ते या हवेत जास्त टिकणारं होतं.

ओसरीवर मध्ये जाळी लावली. अलीकडे मी, पलीकडे फ्यूज. महिनाभर एकमेकांना नुसतं पाहू द्यायचं, मग एकत्र करायचं, असं वैष्णवीच्या मोबाइलचं म्हणणं होतं. फ्यूज पहिले दोन दिवस भिंतीकडेच पाहत होता. तिसऱ्या दिवशी तो वळला. आठव्या दिवशी आम्ही जाळीच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून झोपायला लागलो. मधे तार होती, ती टोचायची, पण ऊब यायची.

अठराव्या दिवशी सकाळी मला काहीतरी झालं. काय झालं ते नीट सांगता येणार नाही. मी गवताच्या काड्या तोंडात धरून कोपऱ्यातल्या खोक्यात नेऊ लागले. मग पोटाखालचे आणि गळ्याखालचे केस उपटून त्यावर अंथरू लागले. कोणासाठी, ते मला माहीत नव्हतं. पण कोणीतरी येणार आहे, ते उघडं असणार आहे आणि त्याला गार लागणार आहे, एवढं पक्कं वाटत होतं.

हे प्रथम पाहिलं नर्मदाबाईंनी. त्या गोपाळच्या आई. वय शहात्तर, नजर वीस वर्षांच्या माणसाची.

"बबे! इकडं ये गं. तुझी ऑपरेशनवाली बाळंतपणाला बसली बग."

बबिता हातातलं पीठ तसंच घेऊन आली. तिनं खोक्यात पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"पण जाळी हाय की मधी, आजी," वैष्णवी म्हणाली.

"जाळीचं मला सांगू नको. तुझ्या बापाच्या दुकानाला कुलूप राहातंय, तरी ह्यो फ्यूज आत जातच होता की."

चहा होईपर्यंत माझं चारित्र्य हा घराचा विषय झाला होता. मी बाजूला बसून गवत खात होते.

ऑपरेशन होऊनही बाईला दिवस गेले तर आशाताईंच्या बोलण्यात तिला 'फेल केस' म्हणतात. फेल केसमध्ये आधी तारीख विचारतात, मग दवाखाना. बबितानं पिठाचे हात धुतले, पदर खोचला आणि अर्पिताच्या वडिलांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"सर, पोखर्णीहून आशाताई बोलते. तुमची सशीण आणलेली."

"हां, बोला."

"तिचं ऑपरेशन झालंय म्हणला होतात तुमी."

"झालंय की. टाके पण निघाले."

"कधी झालंय?"

"दिवाळीच्या आधी. नांदेडला."

"त्याच्या आधी किती लेकरं होती?"



"मला एकच मुलगी आहे, मॅडम," ते जपून म्हणाले, आणि ड्यूटीवर आहे असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

मित्रांनो, त्या फोनमध्ये कोणीही खोटं बोललं नाही. तरीही फोन ठेवल्यावर दोन्हीकडची माणसं आधीपेक्षा जास्त गोंधळलेली होती.

मग शेजारच्या ग्यानबांना बोलावलं. त्यांच्या शेळ्या-मेंढ्या आहेत आणि नुसत्या हातानं गाभण शेळी ओळखण्यात त्यांचं नाव आहे. त्यांनी मला मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि पोट चाचपलं. हात खरखरीत होता पण घाईत नव्हता.

"पोटात काई न्हाई हिच्या," ते म्हणाले. "पर मी शेळीचं सांगत असतो. सशाचं छातीठोक न्हाई सांगू शकत."

"ऑपरेशन झालेलं असंल का, ग्यानबाकाका?" बबितानं विचारलं.

"मादीचं?" ग्यानबांनी डोळे उघडले. "आमच्यात बोकडाचं करतेत, आशाताई. बैलाचं करतेत. शेळीचं कोण करतंय? तुमा माणसांतच उलटं हाय."

बबितानं त्यावर चहा आणला. उत्तर नसलं की ती चहा आणते.

संध्याकाळी नर्मदाबाईंनी निकाल दिला. "हे बगा, खरं काय ते कोणालाच ठाव न्हाई. उद्या हितं पिल्लांचा बाजार भरायचा. येत्या सोमवारी ढाब्यावाल्याला देऊन टाका हिला. परवाच म्हणत होता, काकू, ससे असले तर किती बी द्या. त्याला लय आवड हाय सशांची."

परभणी रस्त्यावरच्या त्या ढाब्याची मोटार गोपाळच दुरुस्त करतो. त्याला आवड आहे, हे खरंच होतं. कशा प्रकारची, ते नर्मदाबाईंनी विचारलं नव्हतं.

वैष्णवी रडतच म्हणाली, "आजी, तो पाळत न्हाई. शिजवतोय."

 नर्मदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात अजून एक काडी होती, ती मी खोक्यात नेऊन ठेवली.

"मंग आदी खरं काय ते तरी बगा," त्या म्हणाल्या. "परभणीला जनावरांचा मोठा दवाखाना हाय. मी बी येते."

त्या कुठंही यायला तयार असतात. पंच्याहत्तरी ओलांडल्यापासून त्यांना एसटीला तिकीट लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजण निघालो. गोपाळनं दुकान बंद ठेवलं. मी वैष्णवीच्या मांडीवर टोपलीत. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्याच्यात?"

"ससा हाय," गोपाळ म्हणाला.

"तिकीट लागंल."

"सशीण हाय ती," नर्मदाबाई खिडकीतून न वळता म्हणाल्या.

"मंग अर्धं लागंल," कंडक्टर म्हणाला आणि पुढे गेला. मागच्या सीटपर्यंत लोक हसले. शेवटी त्यानं तिकीट फाडलं नाही. बायकांना एसटीत अर्धी सवलत आहे. ती सशिणींना लागू आहे की नाही, हा प्रश्न अजून अनिर्णित आहे.

दवाखान्यात डॉक्टर राजेश्री नावाच्या तरुण बाई होत्या. आमच्या आधी एक म्हैस होती, त्यामुळे मला टेबलावर ठेवल्यावर टेबल फार मोठं वाटलं. मी पाय आपटला. त्यांनी माझ्या डोळ्यांवर हात ठेवला आणि मी शांत झाले.

"काय झालंय हिला?"

बबितानं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "ऑपरेशन कोणतं झालं होतं, हे विचारलंत का?"

"कोणतं म्हंजी?" बबिता म्हणाली. "ऑपरेशन म्हंजी... ऑपरेशनच की."

 डॉक्टरांनी केस कापायचं मशीन घेतलं आणि माझ्या पोटावरचे उरलेसुरले केस काढले. गार वाटलं. चार डोकी माझ्या पोटावर वाकली.

"टाक्यांची खूण दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण खूण नाही म्हणजे ऑपरेशन झालं नाही, असंही म्हणता येत नाही. टाके चांगले घातले असतील तर काही महिन्यांत कातडीवरून सगळं पुसून जातं."

"सोनोग्राफी करा मंग," बबिता म्हणाली.

"करता येईल. गर्भपिशवी दिसली तर आहे म्हणता येईल. नाही दिसली तर नाही म्हणता येणार नाही, कारण सशाची पिशवी असते एवढीशी."

"मंग नक्की कळायचं कसं?"

"नक्की कळायचं तर पोट उघडून."

"आणि उघडल्यावर आत काई नसलं तर?" हे वैष्णवीनं विचारलं.

"तर उगाच उघडलं, असं होईल."

 तेवढ्यात भिंतीजवळ बसलेल्या नर्मदाबाई म्हणाल्या, "माझं उघडलं व्हतं तसंच."

सगळे वळले.

"पोटात दुखायलंय म्हणून गेले व्हते. गोळा हाय म्हणले, आन् झोपवलं. टाके काढायच्या दिवशी शेजारच्या खाटंवरची बाई म्हणली, तुमची बी पिशवी काढली का? तवा मला कळलं." त्या जमिनीकडे पाहत बोलत होत्या. "गोळा व्हता का नव्हता, देवाला ठाव. मला कोणी इचारलं न्हाई. मी बी कोणाला बोलले न्हाई."

"माय, तू कधी सांगितलं न्हाईस," गोपाळ म्हणाला.

"तू कधी इचारलंस?"

बबिता सासूकडे पाहत राहिली. अठरा वर्षं त्या एका चुलीवर स्वयंपाक करत होत्या. गावातल्या प्रत्येक बाईची नोंद बबिताच्या वहीत होती. ही एक नव्हती.

नर्मदाबाई उठल्या आणि टेबलाजवळ आल्या. "डॉक्टरीणबाई, कळल्याबिगर हिला उघडायचं न्हाई. काय ते दुसऱ्या रीतीनं बगा."

डॉक्टर राजेश्रींनी मान हलवली. मग त्या मला पुन्हा नीट पाहू लागल्या, शेपटीपासून कानांपर्यंत. दात पाहिले. गळ्याखाली, जिथले केस मी उपटले होते, तिथं त्यांचं बोट थांबलं.

"इथं चिरा दिलेला आहे. हनुवटीच्या खाली. हे बघा, कातडी जरा घट्ट आहे." त्या बबिताला म्हणाल्या, "हिच्या आधीच्या घरी अजून कोण आहे? मुलगी आहे ना? तिला द्या फोन."

या वेळी फोन अर्पितानं घेतला. डॉक्टरांनी विचारलं, "बेटा, तुझ्या सशाचं ऑपरेशन कुठं केलं होतं? म्हणजे अंगावर कुठं?"

"हनुवटीखाली," अर्पिता लगेच म्हणाली. "गाठ झाली होती. पू काढला. मी दारात उभी होते."

"पोटाचं काही?"

"नाही. मी विचारलं होतं त्यांना. ते म्हणाले, पोटाचं वेगळं असतं, ते आज नाही करायचं." मग ती जरा थांबली. "स्नोई आहे का तिथं? तिला कोथिंबीर द्या ना. काडीसकट खाते ती."

माझे कान उभे राहिले. ते माझ्या हातात नसतं, मित्रांनो.

तर असा माझ्या ऑपरेशनचा शोध लागला. मोठ्या माणसांना विचारलं तेव्हा ऑपरेशन झालं होतं. लहान मुलीला विचारलं तेव्हा कुठं झालं, ते कळलं. मला स्वतःलाही तेव्हाच कळलं.

"म्हणजे हिचं झालेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हिच्या पोटात पिल्लंही नाहीत. शेजारी नर असला की जाळीतूनसुद्धा मादीच्या शरीराला वाटतं, आपण गाभण आहोत. खोटं गाभण म्हणतात त्याला. काही दिवसांनी जाईल."

"म्हंजी तिनं घर केलं, ते कोणासाठीच नव्हतं?" वैष्णवीनं विचारलं.

 डॉक्टरांनी माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

"दोघांना एकत्र ठेवायचंय ना? तर आधी नराचं ऑपरेशन करा. छोटं असतं, पोट उघडावं लागत नाही. नंतर एक महिनाभर जाळी ठेवा, मग काढा."

गोपाळ मघापासून भिंतीवरचं लाळ्या-खुरकूत रोगाचं पोस्टर वाचत होता. तो वळला.

"फ्यूजचं?"

"हो."

"त्याचं कशाला? त्याची काय चूक हाय?"

"हिची काय व्हती?" बबिता म्हणाली.

"तसं न्हाई गं. गड्याला अशक्तपणा येतोय म्हणतेत. जड काम होत न्हाई मंग."

"कोणतं जड काम? वायरी कुरतडायचं?"

चौदा वर्षांत बबितानं गावातल्या कितीतरी बायका ऑपरेशनला नेल्या होत्या. पुरुष एकच. बाकीच्यांनी नेमकं हेच कारण सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत. बबिताच्या स्वतःच्या वेळी गोपाळनंही. तो पुन्हा पोस्टरकडे वळला, पण आता त्याला वाचण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

"घिऊन येतो मंगळवारी," तो पोस्टरला म्हणाला.

मंगळवारी फ्यूज गेला आणि संध्याकाळी परत आला. आल्या आल्या त्यानं मूठभर मेथी खाल्ली आणि रात्रीच्या जेवणाआधी गोपाळच्या मोबाइलचा चार्जर कुरतडला. जड कामाला कसलीही अडचण आली नाही. ग्यानबा मुद्दाम पाहायला आले आणि गोपाळकडे पाहून म्हणाले, "चालायलाय की नीट!" गोपाळला त्या वेळी दुकानात काम आठवलं.

माझं खोक्यातलं घर दोन दिवसांत मलाच नकोसं झालं. मी ते मोडलं नाही, नुसती उठून आले. नर्मदाबाईंनी ते केस उचलले, हातात घेऊन बसल्या आणि मग कुठंतरी नेऊन ठेवले. कुठं, ते कोणी विचारलं नाही. महिन्यानंतर त्यांनीच जाळी काढली. फ्यूज सावकाश आला आणि माझ्या शेजारी अंग टाकून बसला. ढाब्यावाल्यानं एकदा पुन्हा विचारलं, तेव्हा नर्मदाबाईंनी त्याला असं काही ऐकवलं की तेव्हापासून तो ढाब्याची मोटार दुरुस्तीला स्वतः आणत नाही, पोऱ्याकडून पाठवतो.

पण डॉक्टर राजेश्रींनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. माझं ऑपरेशन पिल्लं थांबवायला आता गरजेचं नव्हतं, माझ्यासाठी होतं. वय झालं की सशिणींच्या पिशवीत गाठी होतात, बऱ्याच जणींना होतात. अंगात ताकद आहे तोवर काढलेली बरी. घाई नाही, पण विचार करा. बबितानं चार महिने विचार केला. एरवी ती बायकांना चार दिवस देते.

थंडीत आम्ही पुन्हा परभणीला गेलो. नर्मदाबाईंनी मला सकाळपासून काही खायला द्यायचं नाही असा हुकूम काढला होता, कारण ऑपरेशनला उपाशीच जायचं असतं. सशाला उपाशी ठेवायचं नसतं, आम्हाला तेच बाधतं, हे डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतः गवताची पेंढी टोपलीत टाकली आणि "ह्यांचं सगळंच उलटं," असं म्हणाल्या.

संमतीच्या कागदावर बबिताला सही करायची होती. इतक्या बायकांच्या कागदांवर कुठं अंगठा, कुठं सही, हे तीच दाखवत आलेली. आता पेन तिच्या हातात होतं आणि चालत नव्हतं.

"भूल उतरंल ना, मॅडम?" तिनं विचारलं.

"बहुतेक उतरते. सशांना थोडा धोका असतो, ते खोटं सांगणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही तर रोज सांगता बायकांना."

"मी सांगते, काई होत न्हाई. मुंगी चावल्यावानी."

"होतं का तसं?"

 बबिताचं स्वतःचं झालेलं होतं. तिला माहीत होतं, मुंगी नव्हती.

तिनं सही केली. मग टोपलीशी खाली बसली, माझ्या कानाजवळ तोंड आणलं आणि हळू आवाजात मला सांगू लागली. "सनई, ऐक. आता सुई टोचतील. तुला झोप येईल. मंग तुझं पोट उघडतील, हितं, आन् पिशवी काढतील. टाके घालतील. उठशील तवा दुखंल, लय दुखंल. दोन दिवस खाऊ वाटणार न्हाई, तरी खायचं. मी हितंच हाय, भाईर. न्हाई उठलीस तरी मी हितंच हाय."

मला किती कळलं, ते सांगता येणार नाही. पण कोणीतरी मला, मलाच, सांगत होतं. माझ्या डोक्यावरून दुसऱ्याला नव्हे. नर्मदाबाई बाकावर बसून ऐकत होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

मी उठले. नाहीतर ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली असती?

पंधरा दिवसांनी ओसरीवर राजूबाई नावाची एक तरुण बाई आली. दुसरं लेकरू कडेवर. "आशाताई, ते ऑपरेशनचं इचारायला आले. काई होत न्हाई ना?"

मी खाटेखाली होते.  बबितानं राजूबाईला बसायला पाट दिला. मग पहिल्यापासून सुरू केलं. सुई, झोप, चिरा कुठं, टाके किती, किती दिवस दुखतं, काय बिघडू शकतं, कधी लगेच यायचं. चहा गार झाला. लेकरू मांडीवर झोपलं. नर्मदाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या आणि मधून मधून "हे बी सांग," म्हणत होत्या.

सगळं ऐकून राजूबाईनं थोडा विचार केला.

"मंग माझ्या नवऱ्याचंच करा की," ती म्हणाली.

मित्रांनो, मी एक साधी सशीण. मला उपदेश करायचा अधिकार नाही. पण तुमच्या घरी कोणी मुकं जनावर असेल, म्हातारं माणूस असेल, गप्प बसणारी बाई असेल, तर त्यांच्या अंगाला हात लावण्याआधी काय करणार आहात, ते त्यांना सांगा. नीट, नाव घेऊन, कुठं ते दाखवून. त्यांना कळेल का, हा विचार करत बसू नका. बबिताला वाटलं होतं, ती ते मला एकटीला सांगते आहे; बाकावरच्या नर्मदाबाई मात्र ते आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होत्या.